पडलेली पुंगळी कोणी उचलायची?

पिस्तूल झाडले की गोळी पुढे जाते आणि पुंगळी उजवीकडे. गोळीची काळजी घेणारे पुष्कळ असतात. पंच तिचे गुण धरतात, प्रशिक्षक ती कुठे लागली ते पाहतो, घरचे स्कोअर विचारतात. पुंगळी मात्र फरशीवर टणटणत घरंगळते, बुटाखाली येते, आणि सराव संपल्यावर कोणीतरी तिला झाडूने लोटून डब्यात भरते. हे ‘कोणीतरी’ कोण असावे यावरून आमच्या पाम गावच्या घरी मोठा वाद झाला. वाद घालणारी दोघेही माझी माणसे. एक माझा थोरला भाऊ आणि दुसरी माझी मुलगी.

दादाने नोकरीची बहुतेक वर्षे एका सशस्त्र दलाच्या कोतात, म्हणजे शस्त्रागारात, काढली. शस्त्रे देणे, घेणे, पुसणे, आणि गोळीबाराच्या सरावानंतर रिकाम्या केस, म्हणजे पुंगळ्या, मोजून घेणे हे त्याचे काम. मुलगी २५ मीटर पिस्तूल खेळते, म्हणजे राही सरनोबत खेळते तो प्रकार. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत राहीने त्यात सुवर्ण मिळवले. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. आमच्या भागातली मुले बहुधा १० मीटर एअर पिस्तूलने सुरुवात करतात. त्यात हवेच्या दाबाने छर्रा सुटतो, मागे काही उरत नाही. ०.२२ चे पिस्तूल हाती आले की पुंगळी आयुष्यात येते, तिच्याबरोबर रजिस्टर येते आणि कायदाही येतो. बोईसरहून पहाटेची गाडी धरून ती मुंबईच्या रेंजवर जाते. पिस्तूल तिथल्याच शस्त्रागारात राहते.

कोणाचे म्हणणे काय असेल याचा माझा अंदाज उलटा होता. पुंगळ्या मोजण्यात ज्याचा जन्म गेला तो दादा म्हणत होता, नेमबाजाला पुंगळीच्या नादी लावू नका. आणि सराव सोडून दुसरे काही सुचत नाही ती मुलगी म्हणत होती, आपली पुंगळी आपणच उचलली पाहिजे.

“अगं, तुझं लक्ष पुढं पाहिजे,” दादा म्हणाला. “समोर निशाण, हातात पिस्तूल. पायाशी काय पडलं ते बघायला माणूस ठेवलेला असतो.”

“मालिका चालू असताना कोण बघतंय, मामा? अनलोड झालं, सेफ्टी फ्लॅग लागला, रेंज ऑफिसरनं हो म्हटलं, की मगच वाकायचं. पाच गोळ्यांची मालिका असते. पाच पुंगळ्या उचलायला वेळ तो काय लागतो?”

“वेळेचं नाही म्हणत मी. मनाचं म्हणतोय.”

मग त्याने जे सांगितले ते मी त्याच्या तोंडून आधी कधी ऐकले नव्हते. त्यांचा सराव उघड्या मैदानावर चाले. पावसाळा सरता सरता गवत गुडघ्यापर्यंत यायचे. हिशेबात एक केस कमी पडली की सगळी तुकडी अंधार पडेपर्यंत गवतात गुडघ्यांवर. “दुसऱ्या दिवशी जवान फायरिंगला उभा राहिला की नेम बघायचा नाही, आपली केस कुठं उडाली ते बघायचा. चाप ओढायच्या आधीच त्याची मान उजवीकडं वळायला लागायची. चांगले चांगले नेमबाज त्यापायी बिघडले. आणि पुढं काय व्हायचं ठाऊक आहे? जुनी माणसं जादा केस खिशात बाळगायची. कमी भरली की त्यातली एक टाकायची. रजिस्टर जुळायचं. वरचे खूश, खालचे सुटले. पण ते रजिस्टर खोटं होतं, आणि त्याच्यावर सही माझी होती.”

“म्हणजे मोजण्यात खोट नव्हती, भीतीत होती,” मुलगी म्हणाली. “एक हरवली म्हणून शिक्षा होत असेल तर खिशातून दुसरी निघणारच. मी मोजण्यासाठी उचला म्हणतच नाहीये. बघण्यासाठी उचला म्हणतेय.”

पुंगळीत बघायचे काय, हे मला तिने शिकवले. पिस्तुलाची पुंगळी पितळेची, साधारण ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त. दारू पेटली की आत प्रचंड दाब तयार होतो. ०.२२ लाँग रायफलसारख्या छोट्या काडतुसातही तो वातावरणाच्या दाबाच्या दीड हजार पटींच्या वर जाऊ शकतो. त्या क्षणी पितळ फुगते, नळीच्या मागच्या भिंतीला घट्ट चिकटते आणि वायू मागे येऊ देत नाही. दाब उतरला की तेच पितळ किंचित आकसते, म्हणून पुंगळी ओढून बाहेर फेकता येते. फुगून पुन्हा आकसण्याच्या या गुणामुळे दीडशे वर्षांत पितळाची जागा दुसऱ्या धातूला पुरती घेता आलेली नाही. पोलादाची आणि ॲल्युमिनियमचीही काडतुसे निघतात, पण खेळाडूची पसंती पितळालाच.

या सगळ्याच्या खुणा पुंगळीवर राहतात. ०.२२ मध्ये पेट घेणारे रसायन बुडाच्या कडेत भरलेले असते, त्यामुळे फायरिंग पिन कडेवर ठोकर मारते. ठोकर उथळ दिसली तर स्प्रिंग थकलेली किंवा पिनेला घाण बसलेली. काजळी बाहेरून एकाच बाजूला चढली तर पुंगळी भिंतीला नीट चिकटली नाही. तोंड चेपलेले असेल तर बाहेर पडताना ती कुठेतरी आपटते आहे. आणि पुंगळी पडते कुठे, तेही महत्त्वाचे. मनगट ढिले पडले की पिस्तुलाचा मागे जाणारा भाग पुरता मागे जात नाही, पुंगळी जेमतेम पायाशी पडते किंवा खाचेतच अडकून उभी राहते. “पहिल्या चार तिकडं आणि पाचवी बुटाजवळ पडली,” ती म्हणाली, “तर पाचव्या गोळीला माझा हात थकला होता. सर सांगायच्या आधी मला कळतं. झाडूवाल्याच्या डब्यात गेल्यावर त्या पाच कुठल्या आणि शेजारच्याच्या कुठल्या?”

दादाने हे नाकारले नाही. तो कोतातला माणूस. ठोकर कशी वाचायची हे त्याला तिच्यापेक्षा अधिक कळते. “पण हे आर्मररचं काम,” एवढेच तो म्हणाला. “खेळाडूनं सगळंच शिकायचं तर खेळायचं कधी?”

इथे मी मुलीच्या बाजूची आहे, आणि ती माझी मुलगी आहे म्हणून नव्हे. ज्या खेळात मनगटाचा किंचितसा ढिलेपणा दहाचा आठ करतो, त्यात मनगटाविषयी सांगणारी वस्तू पायाखाली तुडवायची हे मला पटत नाही. ६० गोळ्यांच्या सामन्यात ३० संथ आणि ३० जलद. जलद फेरीत लक्ष्य ३ सेकंदांसाठी समोर येते आणि ७ सेकंद जाते. त्या घाईत नेमके काय बिघडले हे नंतर आठवत नाही. पुंगळ्या ते काही अंशी सांगतात.

या वस्तूचे वय फारसे नाही. आमच्या शेजारच्या तारापूरच्या किल्ल्यावर जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेने हल्ला चढवला, तेव्हा बाजी भिवराव रेठरेकर गोळी लागून पडले. त्या बंदुकीमागे जमिनीवर काहीच पडले नसणार. दारू आणि गोळी नळीत ठासायचे ते दिवस. दारू आणि गोळी कागदात गुंडाळलेले काडतूसही असे, आणि १८५७ साली त्या कागदाला लावलेल्या चरबीवरून आपल्याकडे काय पेटले ते सर्वांना ठाऊक आहे. त्याच वर्षी अमेरिकेत स्मिथ अँड वेसन कंपनीने कडेवर ठोकर बसणारे ०.२२ शॉर्ट हे धातूचे काडतूस बाजारात आणले. माझी मुलगी वापरते ते लाँग रायफल काडतूस १८८७ चे, त्याच घराण्यातले.

“मोठ्या पुंगळीचं मी समजू शकतो,” दादा पुन्हा म्हणाला. “परदेशात लोक ती धुतात, नवी टोपी बसवतात, दारू भरतात, पुन्हा वापरतात. त्यांना एकेक केस मोलाची. तुझी ०.२२ एकदा कडेवर ठोकर खाल्ली की संपली. तिच्यात पुन्हा रसायन भरता येत नाही. आणि भरता येत असतं तरी परवान्याशिवाय काडतूस बनवायला आपल्याकडं बंदी. मग ते भंगारच. भंगाराला एवढा मान कशाला?”

“भंगार म्हणून तरी सांभाळायला नको?”

आता विषय आमच्या गावाच्या जवळ आला. पाम-बोईसर पट्ट्यात भंगार हा परका शब्द नाही. औद्योगिक वसाहतीचे पत्रे, नळ्या, तारा, पिंपे, सगळ्याला इथे गिऱ्हाईक आहे. पितळाला तर हमखास. तरी ०.२२ च्या पुंगळीचे वजन जेमतेम पाऊण ग्रॅमच्या आत. साठ गोळ्यांचा सामना झाला तर चाळीस ग्रॅमच्या आसपास पितळ. एका खेळाडूला त्यातून काही मिळत नाही. पण वर्षभर चालणाऱ्या रेंजवर त्याची पोती होतात, आणि ती कोणीतरी नेतो.

दादा इथे एकदम सावध झाला. “पोत्यात एखादी न उडालेली गोळी गेली तर? मिसफायर झालेली गोळी दिसायला जवळजवळ तशीच असते. भट्टीत टाकली की फुटणार. भट्टीपाशी उभा असलेला मजूर कोणाच्या गावचा असतो? आपल्याच.” नगरजवळच्या के. के. रेंजच्या शेजारच्या गावांचे त्याने नाव काढले. लष्कराच्या सराव क्षेत्रात भंगार वेचायला जाऊन, न फुटलेला गोळा फोडायला जाऊन तिथली माणसे मेली आहेत. तोफेचा गोळा आणि ०.२२ ची गोळी यांची बरोबरी नाही, हे तोही जाणतो. पण दोन्हीकडे आधी झाडणारा निघून जातो, आणि मग पोटासाठी वेचणारा येतो.

“हेच तर मी म्हणतेय, मामा,” मुलगी म्हणाली, आणि तिचा आवाज चढला. “आमच्याकडे झाडणारे काका रोज कोरडा झाडू मारतात. त्या धुळीत शिसं असतं. काडतुसाच्या रसायनात शिशाचं संयुग असतं, गोळीही शिशाची. मी झाडलेल्या गोळीचं शिसं काकांनी का हुंगायचं? मी उचलली तर निदान ते माझं मी निस्तरलं.”

याला दादाचे उत्तर तयार होते, आणि ते मला आजही बिनतोड वाटते. “तू पाच उचलशील. तुझ्यासारख्या मुली उचलतील. धूळ तरी तिथंच राहणार. ती नुसती पुंगळीत नसते, फरशीवरही असते. काकांचं भलं करायचं असेल तर झाडू बंद करा. ओला पोछा द्या, धूळ न उडवणारं व्हॅक्युम यंत्र द्या, हातमोजे द्या, साबण द्या, आणि हे कौशल्याचं काम आहे असं मानून पगार द्या. पोरींनी वाकून दाखवलं म्हणजे काकांचं काम हलकं होत नाही. उलट क्लबवाले म्हणतील, खेळाडूच उचलतात, आता माणूस कशाला?”

मुलगी त्यावर थोडी अडखळली. मग म्हणाली, “दोन्ही करायचं.” मलाही दोन्हीच हवे आहे. आई म्हणून माझा एक आग्रह मी त्यात घातला. रेंजवरून आल्यावर हात साबणाने आणि गार पाण्याने धुतल्याशिवाय डब्याला हात लावायचा नाही, आणि सरावाचे कपडे वेगळे धुवायचे. विजारीच्या दुमडीत अडकून पुंगळ्या घरी येतात, शर्टाच्या खिशात निघतात. लहान भावंडे त्या तोंडाजवळ नेतात, शिट्टी वाजवून बघतात. रिकामी पुंगळी फुटत नाही, म्हणून ती खेळणे होत नाही.

खिशातल्या पुंगळीवरून वादाची दिशाच फिरली. मुलीच्या टेबलाच्या खणात एक पुंगळी होती, तिच्या पहिल्या मोठ्या सामन्यातली. तो सामना मावळणकर स्पर्धेचा. राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली, तेव्हा गणेश वासुदेव मावळणकर, जे पुढे लोकसभेचे सभापती झाले, तिचे पहिले अध्यक्ष होते. त्यांच्याच नावाची ही स्पर्धा. दादाला ती पुंगळी दिसली आणि ‘मोजू नका’ म्हणणारा माणूस ताठ बसला.

“ही घरात कशी?”

“आठवण म्हणून ठेवलीय.”

“परत दे.”

“मामा, आत्ता तर तुम्ही म्हणत होता भंगार आहे!”

“भंगार रेंजवर. रेंजच्या बाहेर आली की तो पुरावा.”

दादाने मग सावकाश सांगितले. प्रत्येक पिस्तुलाची पिन, पुंगळी ओढणारा आकडा आणि मागची पाटी पितळावर आपापले ओरखडे ठेवतात. खुनाच्या जागी सापडलेली पुंगळी आणि संशयिताच्या पिस्तुलातून चाचणीत झाडलेली पुंगळी तुलनेच्या सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी शेजारी ठेवतात. आपल्याकडे हे काम कालिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत होते. विचारवंत एम. एम. कलबुर्गी २०१५ मध्ये धारवाडला मारले गेले, पत्रकार गौरी लंकेश २०१७ मध्ये बंगळुरूला. दोन्ही ठिकाणी एकच देशी पिस्तूल वापरले गेले, हा न्यायवैद्यक निष्कर्ष असल्याच ओरखड्यांवर उभा आहे. “आता विचार कर,” दादा म्हणाला, “क्लबच्या पिस्तुलाची पुंगळी कोणीतरी उचलली आणि भलत्याच जागी टाकली. पोलीस कोणाच्या दारात येतील? ते पिस्तूल त्या दिवशी कोणाच्या नावावर लागलं होतं?”

मुलीने कायद्याचा आधार घेतला. तिने तो वाचला होता, हे मला आवडले. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भागही येतात, हे खरे. पण त्याच कायद्याच्या कलम ४५ मध्ये सवलत आहे. शस्त्राचे किंवा दारूगोळ्याचे किरकोळ भाग, जे पूरक भागांबरोबर वापरायचा हेतू नाही, ते जवळ असले म्हणून हा कायदा लागत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये चॅन हाँग सैक प्रकरणात हीच सवलत एका सुट्या जिवंत काडतुसालासुद्धा लागू केली आणि गुन्हा रद्द केला. “जिवंत गोळीला सूट मिळते, तर माझ्या रिकाम्या पुंगळीचं काय?”

“सूट मिळाली ती उच्च न्यायालयात,” दादा म्हणाला. “त्याआधी विमानतळावर बॅग उघडली गेली, गुन्हा दाखल झाला, वकील झाला, तारखा झाल्या. तू दिल्लीला निवड चाचणीला निघालीस आणि बॅगेच्या कप्प्यात ही निघाली, तर चाचणी तुझी वाट बघणार आहे का? कायदा तुझ्या बाजूचा असला तरी विमान सुटतं.”

हे तिला लागले. त्याच संध्याकाळी तिने किटबॅग उलटी केली. अस्तराच्या फाटक्या शिवणीतून आणखी पुंगळ्या निघाल्या. त्या कधीच्या, कोणत्या पिस्तुलाच्या, हे तिलाही सांगता येईना. दादाने बोलून दाखवले नाही, पण त्याची नजर माझ्याकडे वळली.

त्यानंतर दोघे वाद सोडून मांडणी करायला बसले, आणि मला त्यात सर्वांत अधिक रस होता. दादाने एकेक पुंगळी मोजण्याला शेवटपर्यंत विरोध केला. त्याऐवजी त्याने वजन सुचवले. दिवसाच्या शेवटी डबा काट्यावर ठेवायचा आणि त्या दिवशी दिलेल्या गोळ्यांच्या संख्येशी ताडून बघायचे. हजार पुंगळ्यांचे वजन साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास भरते. काडतुसाचा लॉट बदलला की थोडे इकडे तिकडे होते. एक हरवली तर वजनात कळणार नाही. “आणि कळूही नये,” दादा म्हणाला. “एक फटीत जाते, एक शेजारच्याच्या बॅगेत उडते. तिच्यापायी कोणाला गुडघ्यावर बसवायचं नाही. मूठभर गेली तर मात्र त्याच दिवशी कळली पाहिजे.”

मुलीचे म्हणणे होते की खेळाडूने आपल्या मालिकेच्या पुंगळ्या आधी पाहायच्या आणि मग स्वतः डब्यात टाकायच्या. दोन खेळाडूंच्या मध्ये पडदा हवा, म्हणजे पुंगळ्या शेजाऱ्याच्या अंगावर उडत नाहीत आणि आपल्या आपल्यापाशी राहतात. २५ मीटरच्या अधिकृत सामन्यांत असा पडदा असतोच, सरावात पुष्कळदा नसतो. मिसफायरसाठी वेगळा डबा, त्याला कुलूप आणि किल्ली रेंज ऑफिसरकडे, हे दादाने घातले. झाडणाऱ्या काकांसाठी ओला पोछा आणि हातमोजे हे पहिल्या ओळीत लिहायचे, हे मी घातले. तिने ते सगळे अर्जाच्या भाषेत उतरवले. क्लब काय म्हणेल ते बघू.

राहिली ती खणातली पुंगळी. दादा म्हणाला, “आठवण हवी तर त्या सामन्याचं निशाण ठेव. कागदाला कोणी अडवत नाही.”

“इलेक्ट्रॉनिक निशाण होतं, मामा. त्यात आपल्या हातात द्यायला कागदच नसतो. स्कोअरची प्रिंट मिळते.”

“मग प्रिंट ठेव. पुंगळी उद्याच्या गाडीनं परत ने.”

“आणि रजिस्टरात कुठल्या तारखेला लिहायची? सामन्याच्या तारखेला लिहिली तर जुळेल.”

“उद्याच्या तारखेला लिही,” दादा म्हणाला. “शेऱ्यात लिही की घरी राहिली होती. आणि खाली तुझी सही कर.”